शिष्यवृत्ती घ्यावी, पण अटी वाचून

मार्च-एप्रिलच्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या घराघरांत दोन हिशेब एकाच वेळी चालू असतात. सावळज, मणेराजुरी, विसापूर या भागात द्राक्षाची काढणी उरकत आलेली असते. कुणाचा माल व्यापाऱ्याने नेलेला असतो, कुणाचा शेडवर बेदाण्यासाठी वाळत असतो. त्याच दिवसांत पाचवी, आठवी किंवा दहावी संपवणाऱ्या मुलाला पुढे कुठल्या शाळेत घालायचे, हा विषय रोज जेवताना निघतो. खासगी शाळांच्या आणि निवासी ज्युनिअर कॉलेजांच्या गुणवत्ता शोध परीक्षांचे निकालही याच सुमारास हाती येतात. ‘आपल्या पाल्याची पन्नास टक्के शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे’ असे पत्र आले की घरात पेढे येतात, आजी-आजोबा सगळ्या भावकीला सांगतात, आणि दोन-चार दिवसांत पैसे भरून जागा निश्चित करायचा तगादा सुरू होतो.

या गडबडीत प्रवेश अर्जाला जोडलेले हमीपत्र वाचायचे राहून जाते. शिष्यवृत्ती किती वर्षांची, कोणत्या रकमेवर, कोणत्या गुणांवर आणि ती बंद झाली तर काय, हे सगळे त्याच पानावर असते. अट असणे वाईट नाही. जगातली बहुतेक मदत अटींसह येते आणि तरीही ती घेण्याजोगी असते. पण अट पाळणे कुणाच्या हातात आहे आणि ती मोडल्यावर मुलाचे काय होते, या दोन गोष्टी कळल्याशिवाय होकार देऊ नये. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

बडोद्याचा करार

मराठी माणसाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची शिष्यवृत्ती अटीचीच होती. १९१३ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देण्याचे ठरवले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. बाबासाहेबांनी करारावर सही केली. त्या शिष्यवृत्तीविना ते कोलंबियाला जाऊ शकले नसते, म्हणून ती सही योग्यच होती.

पुढे जे घडले ते प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावे असे आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले आणि ठरल्याप्रमाणे बडोद्यात नोकरीवर हजर झाले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून फायली फेकत. गावात कुणी त्यांना घर देईना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव लावून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शेवटी त्यांना बडोदा सोडावे लागले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी धर्मशाळेचा हा प्रसंग सविस्तर लिहिला आहे.

दहा वर्षे नोकरी करण्याची त्यांची तयारी होती, पात्रताही होती. पण ती नोकरी माणसासारखी करता यावी, याची व्यवस्था दुसऱ्या बाजूने केलेली नव्हती. अट एका बाजूला लागू झाली आणि ती पाळता येण्यासाठी लागणारी परिस्थिती वाऱ्यावर राहिली. आजच्या शिष्यवृत्तीपत्रांतही हेच पाहावे. विद्यार्थ्याने काय करायचे याची यादी लांबलचक असते. शाळा काय देणार याच्या ओळी किती आहेत, त्या मोजाव्यात.

कर्मवीरांची अट

आपल्या सातारा-सांगली भागात याच काळात अटीची दुसरी रीत रुजली. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंग या अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर अंघोळ करूनच आत यायचे, असा बोर्डिंगचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राहण्या-जेवण्याच्या सोयीला जोडलेली अट माणसाच्या विवेकाला नडली, तर सोय सोडावी, असा निर्णय त्यांनी विद्यार्थिदशेतच घेतला होता.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. तिथेही अटी होत्या आणि त्या कडक होत्या. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहायचे, एका पंगतीत जेवायचे आणि अंगमेहनत करून आपले शिक्षण आपण कमवायचे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना यातून उभी राहिली आणि पुढे राज्यभर पसरली. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील हेही सांगलीच्या शांतिनिकेतनात ‘कमवा आणि शिका’ योजनेतूनच शिकले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री झाले.

कर्मवीरांच्या अटीत तीन गुण होते. ती सगळ्यांना आधीपासून ठाऊक होती. ती पाळणे मुलाच्या हातात होते, कारण श्रम करायला टक्केवारी लागत नाही. आणि एखाद्या वर्षी गुण घसरले म्हणून मागच्या वर्षांच्या जेवणाचे पैसे कुणी परत मागत नव्हते. कुठलीही अट तपासायला हे तीन गुण पुरेसे आहेत.

हक्क कोणता, सवलत कोणती

खासगी शाळेची शिष्यवृत्ती स्वीकारण्याआधी आपल्या मुलाला कायद्याने आणि सरकारी योजनांतून काय मिळते, ते पाहायला हवे. अनेकदा हक्काची गोष्ट सोडून सवलतीची गोष्ट पदरात घेतली जाते.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १२ (१) (ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना मोफत द्याव्या लागतात. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला. या जागेवर बसलेल्या मुलाला गुणांची अट लावता येत नाही. मात्र ही सोय आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी अंगावर येते, म्हणून सातवीतच पुढचा विचार करून ठेवावा.

दुसरी गोष्ट एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या आठवीच्या मुलांसाठी राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा आहे. निवड यादीत न बसलेल्या पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मराठा आणि कुणबी-मराठा मुलांसाठी ‘सारथी’ या सरकारी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. तिच्यातून वर्षाला ९,६०० रुपये मिळतात.

एनएमएमएसची एक अट मात्र फार थोड्या पालकांना माहीत असते. ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे. नववीला मूल विनाअनुदानित खासगी शाळेत गेले की ती बंद होते. म्हणजे खासगी शाळेची सवलत घेताना चार वर्षांचे ४८,००० रुपये सोडावे लागू शकतात, आणि हा तोटा शाळेच्या पत्रात कुठेही लिहिलेला नसतो.

तिसरा पर्याय आपल्या जिल्ह्यातच आहे. पलूसचे जवाहर नवोदय विद्यालय सहावीपासून राहणे, जेवण आणि शिक्षण देते, आणि ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. नवोदयलाही अट आहे. नववीतल्या सुमारे ३० टक्के मुलांना एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयमध्ये जावे लागते. नववीतले मूल घरापासून इतके लांब राहू शकेल का, हा प्रश्न इथे खराच आहे. पण ही अट देशभर सारखी आहे, जाहीर आहे आणि सहावीच्या प्रवेशाआधीच कळते. म्हणूनच तिच्यावर घरात बसून विचार करता येतो.

खासगी शिष्यवृत्तीच्या पोटातल्या अटी

खासगी संस्थांच्या अटी साधारण पाच प्रकारच्या असतात.

पहिली गुणांची. ‘दर वर्षी ९० टक्के राखल्यास सवलत चालू राहील’ ही अट हुशार मुलाच्या पालकांना सोपी वाटते. थोडे गणित करून पाहू. समजा, एका वर्षी ९० टक्क्यांच्या वर राहण्याची शक्यता पाचात चार, म्हणजे ८० टक्के आहे. आठवी ते अकरावी अशा चार वर्षांत सवलतीला तीन वेळा नूतनीकरण लागेल. तिन्ही वेळा अट पूर्ण होण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के येते. हा ढोबळ अंदाज आहे, पण तो डोळे उघडणारा आहे. एखाद्या वर्षी चांगली वाटणारी अट तीन वर्षांत निम्म्या मुलांना बाहेर टाकू शकते. शिवाय गुण शाळेच्या अंतर्गत परीक्षेचे धरणार की बोर्डाचे, हेही विचारावे. अंतर्गत परीक्षेचे गुण शाळेच्याच हातात असतात.

दुसरी थांबण्याची. दोन किंवा चार वर्षे पूर्ण करायची, मध्येच सोडल्यास दिलेली सगळी सवलत परत करायची, अशी ही अट असते. सर्वांत धोकादायक अट हीच आहे, आणि तिच्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

तिसरी वेळेवर फी भरण्याची. ‘हप्ता मुदतीत न भरल्यास शिष्यवृत्ती रद्द’ हे वाक्य नोकरदाराच्या घरात किरकोळ ठरते, द्राक्षबागायतदाराच्या घरात मात्र तसे नसते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी असते आणि ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. फळ छाटणीनंतर औषधे, खते आणि मजुरी यांचा खर्च सर्वांत जास्त असतो, आणि नेमका तेव्हाच दुसरा हप्ता येतो. त्यात अवकाळी पावसाने डाऊनी रोग पडला तर त्या वर्षी हातात काय राहील, हे कुणीच सांगू शकत नाही. बेदाणा शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहणाऱ्याचा पैसा सौदा झाल्यावरच मोकळा होतो. म्हणून हप्त्यांच्या तारखा शेतीच्या पैशाशी जुळवून घेता येतील का, हे प्रवेशाआधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मुलाने ९५ टक्के मिळवले आणि सवलत बापाच्या हप्त्यामुळे गेली, तर तो अन्याय मुलाला आयुष्यभर लक्षात राहतो.

चौथी खरेदीची आणि इतर शुल्काची. सवलत ‘शिक्षण शुल्का’वर असते. बस, वसतिगृह, पुस्तके, गणवेश, चाचणी मालिका, प्रयोगशाळा हे सगळे त्याबाहेर राहते.

पाचवी प्रसिद्धीची आणि बंधनांची. मुलाचा फोटो फ्लेक्सवर लावण्याची मुभा, दुसऱ्या कुठल्या क्लासला न जाण्याची हमी, खेळाच्या स्पर्धांना न जाण्याची हमी अशी कलमे या प्रकारात येतात. कोचिंग संस्थांच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. विद्यार्थ्याचे नाव आणि छायाचित्र जाहिरातीत वापरायचे तर त्याची लेखी संमती निकाल लागल्यानंतर घ्यावी लागते. प्रवेशाच्या वेळीच ती लिहून घेणे या तत्त्वांत बसत नाही.

टक्केवारीपेक्षा एकूण खर्च पाहा

समजा, शाळेची वर्षाची एकूण फी ८०,००० रुपये आहे. त्यात शिक्षण शुल्क ४०,००० आणि बाकीचे ४०,००० इतर शुल्क आहे. ‘५० टक्के शिष्यवृत्ती’ शिक्षण शुल्कावर असेल तर सूट २०,००० रुपयांची झाली. तुम्ही ६०,००० भरणार, म्हणजे प्रत्यक्षात सूट २५ टक्के आहे.

आता ही सूट रुपयांत गोठवलेली असेल आणि फी दर वर्षी १० टक्क्यांनी वाढत असेल, तर चार वर्षांची फी अनुक्रमे ८०,०००, ८८,०००, ९६,८०० आणि १,०६,४८० होते. २०,००० वजा करून तुम्ही ६०,०००, ६८,०००, ७६,८०० आणि ८६,४८० भरता. चार वर्षांची बेरीज २,९१,२८० रुपये येते. चौथ्या वर्षी तर सवलत मिळूनही तुम्ही पहिल्या वर्षाच्या पूर्ण फीपेक्षा जास्त पैसे भरलेले असतात. म्हणून सूट टक्क्यांत आहे की रुपयांत, हा प्रश्न विसरू नये.

फीचा तपशील मागण्याचा अधिकार पालकांना आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते, आणि शुल्क या समितीपुढे मांडून मंजूर करून घ्यावे लागते. मंजूर शुल्काचा तक्ता मागावा आणि सवलतीचा हिशेब त्यावरच करावा.

या रकमेत आणखी दोन गोष्टी मिळवायच्या असतात. एक, गमावलेली एनएमएमएस किंवा तत्सम मदत. दोन, रोजचा प्रवास. तासगाव ते सांगली अंतर पंचवीसेक किलोमीटर आहे, पण सावळजकडच्या गावातून आधी तासगाव आणि मग सांगली गाठायची तर मुलाचे रोज दोन-तीन तास रस्त्यावर जातात. ते तास झोपेतून आणि अभ्यासातून वजा होतात, आणि मग ९० टक्क्यांची अट आणखी अवघड होते.

सोडताना काय होते

शिष्यवृत्तीची खरी परीक्षा मूल शाळा सोडते तेव्हा होते. कायदा इथे पालकाला थोडा आधार देतो.

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क देते, आणि मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावा असे सांगते. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

पैसे परत करण्याच्या हमीपत्राचा प्रश्न भारतीय करार कायदा, १८७२ खाली येतो. कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही, त्यामुळे अठरा वर्षांखालच्या मुलाची सही त्याला बांधत नाही. म्हणूनच शाळा पालकांची सही घेतात, आणि जबाबदारी पालकांवर येते. कलम ७४ सांगते की करारात दंडाची कितीही रक्कम लिहिली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेत राहून वाजवी भरपाईच मंजूर करते. पण या कलमाचा उपयोग न्यायालयात गेल्यावर होतो. वर्ष वाया जाऊ नये म्हणून बहुतेक पालक तिथपर्यंत जात नाहीत, पैसे भरून दाखला घेतात. त्यामुळे कायदा आपल्या बाजूचा आहे या भरवशावर सही करू नये.

कोचिंगबद्दल केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये आणि विद्यार्थ्याने पूर्ण फी भरून मध्येच सोडले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. शाळा आणि कोचिंग एकत्र चालवणाऱ्या संस्थेत कोणती रक्कम शाळेची आणि कोणती कोचिंगची, हे पावतीवर वेगळे असायला हवे. दोन्ही एकाच पावतीत मिसळले असेल, तर परतावा मागताना अडचण येते.

मुलाच्या मनावरचे ओझे

पैशात न मोजता येणारी एक किंमत असते. चाचणीत चार गुण कमी पडले तर घराचे हजारो रुपये जाणार, हे तेरा वर्षांच्या मुलाला कळत असते. ते बोलून दाखवत नाही. काही मुलांना त्याने जिद्द येते, काहींची झोप उडते. आपले मूल कोणत्या स्वभावाचे आहे, हे शाळेच्या समुपदेशकापेक्षा आईला जास्त कळते. म्हणून निर्णयाच्या बैठकीत आईचा शब्द हवा आणि मुलाचाही हवा. अट त्याला वाचून दाखवावी, आणि ‘ही पूर्ण झाली नाही तरी चालेल, आपण दुसरी सोय करू’ हे त्याच्यासमोर स्पष्ट सांगावे. हे वाक्य घरातल्या मोठ्यांना मनापासून म्हणता येत नसेल, तर ती शिष्यवृत्ती त्या घराला झेपणारी नाही असे समजावे.

होकार कधी, नकार कधी

होकार द्यावा अशा शिष्यवृत्तीची ओळख सोपी आहे. तिच्या अटी प्रवेशाआधी लेखी मिळतात. गुणांचा निकष मुलाच्या आजवरच्या नेहमीच्या कामगिरीपेक्षा थोडा खाली असतो, म्हणजे एखाद्या आजारपणाच्या वर्षीही तो निभावतो. अट मोडली तर फक्त पुढची सवलत थांबते, मागचे पैसे कुणी मागत नाही. आणि सवलत पूर्ण गेली तरी ते वर्ष संपेपर्यंतची फी भरण्याची घराची ताकद असते. हे चारही असेल तर कर्ज काढायची भीती न बाळगता मुलाला पाठवावे. चांगली शाळा, चांगली प्रयोगशाळा, बरोबरीची अभ्यासू मुले यांना मोल आहे आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही.

तीन बाबतींत मात्र नकार द्यावा. पहिली, मध्येच सोडल्यास आधीची सवलत व्याजासह परत मागणारे हमीपत्र असेल तर. दुसरी, ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील’ एवढ्याच एका ओळीवर सगळी सवलत टांगलेली असेल तर. तिसरी, मूळ कागदपत्रे किंवा कोरे धनादेश ठेवून घेतले जात असतील तर. शाळा कितीही नावाजलेली असो, या तिन्हींपैकी एकही गोष्ट आढळली तर परत यावे.

नकार देणे म्हणजे मुलाचे शिक्षण थांबवणे नव्हे. गावची जिल्हा परिषद शाळा, अनुदानित हायस्कूल, सेमी इंग्रजीची तुकडी आणि सरकारी शिष्यवृत्त्या हा रस्ता आजही उघडा आहे, आणि या तालुक्यातले अनेक डॉक्टर, अभियंते आणि अधिकारी त्याच रस्त्याने गेले आहेत.

पालकांना एक विनंती आहे. पत्र आले की त्याच दिवशी पैसे भरू नका. हमीपत्राची प्रत घरी आणा, गावातल्या एखाद्या शिक्षकाला आणि वकिलाला दाखवा, चार वर्षांचा एकूण आकडा कागदावर मांडा आणि मुलाशी बोला. आठवडाभर वाट पाहायला नकार देणारी संस्था पुढच्या चार वर्षांत तुमचे ऐकून घेईल, अशी आशा ठेवू नका.